दुकान-गोदामासाठी चोर-अलार्म कसा निवडावा: शटरपासून बॅटरीपर्यंत

सेंटर लॉक जुने आणि कडेचे कोयंडे पातळ असतील तर सराईत चोराला शटर उचकटायला तीन-चार मिनिटे पुरतात. गल्ला फोडायला दोन मिनिटे, मोबाइलच्या दुकानातला माल पोत्यात भरायला आणखी चार-पाच. दहा मिनिटांत तो गल्लीबाहेर पडलेला असतो. आता दुसरा आकडा काढा. मध्यरात्री तुमचा फोन वाजल्यापासून दुकानासमोर कोणीतरी येऊन उभे राहायला किती वेळ लागतो? घर बाजारपेठेतच असेल तर सात-आठ मिनिटे. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला गेला असाल तर पंचवीस.

हे दोन आकडे कागदावर मांडल्याशिवाय अलार्मच्या दुकानाची पायरी चढू नका. गेली अठरा वर्षे मी सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात दुकाने, गोदामे आणि पतसंस्थांना अलार्म बसवतो, आणि दुसऱ्यांनी बसवलेले दुरुस्त करतो. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो सेन्सर किती आणि मोबाइलवर दिसते का, हा. मी उलट विचारतो, की वाजल्यावर येणार कोण? चोर अजून शटरच्या बाहेर आहे तेव्हाच खबर लागली पाहिजे. त्यानंतर माल हाती लागेपर्यंत त्याच्या वाटेत जाळीचे दार, कुलूपबंद कपाट, जमिनीत ठोकलेली तिजोरी असा काहीतरी अडसर पाहिजे. तो तिजोरीला हात घालतो तेव्हा पहिल्यांदा वाजणारा अलार्म कितीही महाग असला तरी उशिराचा.

पहिली पायरी: जागेला फेरी मारा

एका कागदावर दुकानाचा आराखडा काढा. चित्रकला चांगली नसली तरी चालेल. मग दुकानाला सगळ्या बाजूंनी फेरी मारा. मागचा बोळ, पोटमाळ्याची खिडकी, संडासाचा झरोका, एक्झॉस्ट फॅनचे भोक, वरच्या गच्चीकडे जाणारा जिना, यातली एकही जागा सोडू नका. गोदामावर पत्रा असेल तर तो बाहेरून हुकबोल्टांवर बसवलेला असतो. दोन पाने आणि अर्धा तास मिळाला की पत्रा निघतो. समोर दोन कुलुपे लावून निर्धास्त झोपणाऱ्या माणसाच्या गोदामात चोर बहुधा वरून उतरतो.

सामाईक भिंती आणि जमीन लोक हमखास विसरतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला चोरांनी बँकेच्या शाखेजवळचा गाळा आधीच भाड्याने घेतला, त्यात दुकान थाटले, आतून भुयार खणले आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत लॉकर फोडले. सोमवारी शाखा उघडली तेव्हा प्रकार कळला. तुमची सोन्याचांदीची पेढी असेल आणि शेजारचा गाळा वारंवार भाडेकरू बदलत असेल, तर ती भिंत आराखड्यावर लाल पेनने काढा.

शेवटी माल कुठे असतो ते लिहा. रोकड, दागिने, मोबाइल, तांब्याची तार, औषधे, महागडी साडी, जे काही पटकन उचलून पटकन विकता येते ते. बारदानाला किंवा सिमेंटच्या पोत्यांना अलार्मची गरज फारशी नसते. त्याच गोदामातल्या मोटारी आणि केबलच्या बंडलांना असते.

दुसरी पायरी: वाटेप्रमाणे सेन्सर

शटरला चुंबकाचा सेन्सर लागतो. एका भागात चुंबक, दुसऱ्यात छोट्या काचनळीतल्या दोन पात्या. चुंबक दूर गेला की पात्या सुटतात आणि पॅनलला, म्हणजे सगळे सेन्सर जिथे जोडलेले असतात त्या मुख्य पेटीला, कळते. घराच्या दाराचा पांढरा प्लॅस्टिकचा सेन्सर शटरला लावू नका. शटर वाऱ्याने खडखडते, वळवाच्या पावसाआधी तर तासभर धडधडत राहते, आणि दीड-दोन सेंटिमीटरची फट सहन करणारा सेन्सर रात्रभर खोटी बोंब ठोकतो. शटरसाठी धातूच्या कवचाचा, पोलादी नळीतून वायर आलेला आणि पाच-सहा सेंटिमीटरपर्यंतची फट चालणारा सेन्सर वेगळा मिळतो, तोच मागा. जमिनीवर बसवला तर फरशी पुसताना आणि पावसाळ्यात पाणी शिरते. जमेल तिथे मी तो कडेच्या पट्टीला, जमिनीपासून हातभर वर बसवतो.

पण एवढ्यावर थांबू नका. शटरच्या मधल्या पट्ट्या जॅकने वाकवून माणूस आत शिरतो आणि खालचा चुंबक जागचा हलतही नाही. म्हणून शटरच्या आत दुसरा पहारा हवाच, आणि तो असतो हालचाल ओळखणाऱ्या पीआयआर सेन्सरचा.

पीआयआर काहीही बाहेर सोडत नाही. अंगाची उष्णता भोवतालच्या उष्णतेपेक्षा वेगळी असते आणि ती त्याच्या नजरेच्या पट्ट्या ओलांडते, एवढेच तो पाहतो. यातून तीन गोष्टी निघतात, आणि या तिन्ही गोष्टी बसवणाऱ्याला माहीत असतीलच असे धरून चालू नका.

एक, आडवे चालणारा माणूस त्याला चटकन दिसतो, सरळ त्याच्याकडे येणारा उशिरा. म्हणून शटरसमोरच्या मागच्या भिंतीपेक्षा बाजूच्या कोपऱ्यात, जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास तो बसवावा. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आणि शटरच्या फटींतून येणारे ऊनही मग त्याच्या डोळ्यात जात नाही.

दोन, भोवतालची हवाच अंगाइतकी तापली तर माणूस त्याला दिसेनासा होतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याचे गोदाम रात्री उशिरापर्यंत धगधगते, तेव्हा साधा पीआयआर अर्धा आंधळा असतो. तिथे तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारा सेन्सर घ्या. खोटे अलार्म घटवायचे असतील तर पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल टिपणारा) असा दुहेरी सेन्सर मिळतो. दोन्हींची साक्ष पटली तरच तो वाजतो, म्हणून त्यातला पीआयआरही तापमानाशी जुळवून घेणाराच हवा. मात्र मायक्रोवेव्ह काच आणि प्लायवूडच्या पार जाते. तो काचेच्या दर्शनी भागाकडे तोंड करून ठेवू नका आणि त्याचा पल्ला जागेपुरताच ठेवा, नाहीतर त्याची नजर पदपथावर जाते.

तीन, उष्णतेची प्रत्येक हालचाल त्याला माणसासारखीच वाटते. देवाच्या फोटोसमोर तेवत ठेवलेली समई हे आपल्याकडच्या खोट्या अलार्मचे फार जुने कारण आहे. ज्योत हलली की सेन्सर दचकतो. रात्रीपुरता दिवा विजेचा लावा, किंवा तो कोपरा सेन्सरच्या नजरेबाहेर ठेवा. फ्रीजच्या मागची गरम हवाही तशीच. पाल लेन्सवरून चालली तर तिच्याएवढा मोठा प्राणी सेन्सरने जन्मात पाहिलेला नसतो. वायरचे भोक सिलिकॉनने बुजवा, म्हणजे मुंग्या आणि कोळी आत घर करत नाहीत.

भुसार गोदामवाल्यांसाठी एक खास गोष्ट. ‘प्राण्यांना वाजत नाही’ असे लिहिलेला सेन्सर उंदरा-मांजरांचा प्रश्न सोडवतो, पण प्राणी जमिनीवर असेल तरच. थप्पीवरच्या सर्वांत वरच्या पोत्यावर चालणारा उंदीर सेन्सरच्या तोंडासमोर असतो. अशा ठिकाणी सेन्सर थप्पीकडे न वळवता मधल्या वाटेवर लांब आणि अरुंद नजर टाकणारी लेन्स लावा.

सामाईक भिंत, तिजोरी आणि लॉकरच्या खोलीची जमीन यांना कंपन ओळखणारा सेन्सर हवा. छिन्नी, ग्राइंडर किंवा ड्रिल चालू झाले की तो भगदाड पडण्याआधीच सांगतो, आणि सुरुवातीला मांडलेल्या हिशेबात हीच मिनिटे सगळ्यांत मोलाची. त्याची संवेदना बसवताना ठरवावी लागते. माणूस भिंतीपलीकडे उभा करून हातोड्याने ठोकायला लावा आणि मग पेच फिरवा. मिरवणुकीच्या मार्गावर दुकान असेल तर गणेशोत्सवात ढोल-ताशाने हा सेन्सर वाजणारच. एक-दोन धक्क्यांवर न वाजता ठरावीक वेळात ठरावीक धक्के मोजून वाजणारा घ्या. विसर्जनाच्या रात्री सगळा अलार्म बंद न करता तेवढाच झोन (पॅनलला वेगळा जोडलेला सेन्सरांचा गट) बाजूला काढता येतो का, हेही विचारून घ्या.

काचेचा दर्शनी भाग असेल तर काच फुटल्याचा आवाज ओळखणारा सेन्सर. सराफ, पतसंस्था आणि पेट्रोल पंपाच्या कार्यालयात काउंटरखाली पायाने दाबायचे पॅनिक बटण. हे बटण चोवीस तास चालू असणाऱ्या झोनमध्ये हवे आणि त्याने दुकानात सायरन वाजता कामा नये, खबर फक्त बाहेर जावी. समोर शस्त्र असताना डोक्यावर भोंगा वाजणे जिवावर बेतू शकते.

तिसरी पायरी: वायर की बिनवायर

गाळा स्वतःचा असेल आणि फर्निचरचे काम चालू असेल तर वायरचीच प्रणाली घ्या, दुसरा विचार नको. भाड्याची जागा, तयार फर्निचर किंवा दगडी वाडा असेल तर बिनवायर.

बिनवायर घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा. हा सेन्सर मी भिंतीवरून काढून घरी नेला, तर पॅनलला कधी कळेल? चांगल्या प्रणालीत सेन्सर आणि पॅनल दर थोड्या वेळाने एकमेकांची हजेरी घेतात. स्वस्त संचात सेन्सर फक्त ओरडायला शिकलेला असतो. त्याची बॅटरी संपली किंवा तो चोरीला गेला तरी पॅनलवर सगळे हिरवेच दिसते. अशा संचांच्या रिमोटचा कोडही दर वेळी तोच असतो आणि तो हवेतून पकडून पुन्हा वापरता येतो. बदलता कोड असलेलाच रिमोट घ्या. लोखंडी रॅक आणि सिमेंटच्या जाड स्लॅबमुळे सिग्नल अडतो, म्हणून जागेवर चाचणी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

वायरच्या प्रणालीत कोणाच्या नजरेस न पडणारा एक खोटेपणा असतो आणि तो मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. दोन वर्षांपूर्वी एका किराणा व्यापाऱ्याच्या गोदामात दुरुस्तीला गेलो होतो. चोरी होऊन गेली होती आणि मागच्या दाराचा सेन्सर वाजलाच नव्हता. पॅनलवर झोन ठीक दाखवत होता. स्टुलावर चढून सेन्सरचे झाकण उघडले तर दोन वायरी सोलून एकमेकींना पिळलेल्या. तांबे अजून चकचकीत होते. म्हणजे दिवसा, गोदाम उघडे असताना, कोणीतरी सवडीने हे काम केले होते आणि रात्री तो सेन्सर आंधळा झाला होता.

हे टाळायला दोन-पाच रुपयांचा रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला ठरावीक विरोध करणारा छोटा भाग, लागतो. तो वायरच्या शेवटी, सेन्सरच्या आत बसवायचा असतो, म्हणजे कोणी वायर तोडली किंवा जोडली तरी विरोध बदलतो आणि पॅनल लगेच ओळखते. त्या गोदामातले सगळे रेझिस्टर पॅनलच्या पेटीतच लावून टाकले होते. तसे केले की बसवणाऱ्याचा वेळ वाचतो, पण दिवसाढवळ्या कोणी वायरी पिळल्या तरी पॅनलला काही कळत नाही. तुम्ही काम ताब्यात घेताना हे स्वतः तपासा. एका सेन्सरचे झाकण उघडून झोनच्या दोन वायरी एकमेकींना टेकवायला सांगा. पॅनलने त्याच क्षणी बिघाड किंवा छेडछाड दाखवली पाहिजे. नुसते झाकण उघडल्यावरही दाखवली पाहिजे, अलार्म बंद असताना सुद्धा.

चौथी पायरी: पॅनल, सायरन आणि वीज

पॅनलची पेटी दारापाशी नको. दारापाशी फक्त कीपॅड, पेटी आतल्या खोलीत आणि तिच्यावरही एक सेन्सर. आत आल्यावर कोड टाकायला वीस-तीस सेकंदांची सवड असते, आणि सराईत चोर त्या सवडीत पेटीच उखडतो. शटर उचलण्याआधी बाहेरूनच रिमोटने अलार्म बंद करायची पद्धत ठेवली तर शटरला ही सवड द्यावीच लागत नाही. पण मग रिमोट दुकानाच्या चाव्यांच्या जुडग्यात अडकवू नका.

सायरन दोन घ्या. आतला कानठळ्या बसवणारा. बाहेरचा शिडीशिवाय हात न पोचणाऱ्या उंचीवर, स्वतःची बॅटरी असलेला, वायर कापली तरी वाजणारा. तो पाच-सात मिनिटांनी थांबून पुन्हा सज्ज होईल असे लावून घ्या. रात्रभर बोंबलणाऱ्या सायरनला शेजारी पहिल्या दिवशी धावतात, दुसऱ्यांदा शिव्या देतात, तिसऱ्यांदा कूस बदलतात. माझ्या अनुभवात अलार्म असूनही झालेल्या चोऱ्यांचे सर्वांत मोठे कारण हेच. खोट्या अलार्मला कंटाळून मालकाने तो बंद ठेवलेला असतो.

आता बॅटरी. बहुतेक पॅनलमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी येते. पॅनल आणि सिमचे यंत्र मिळून समजा १५० मिलिअँपिअर घेतात, आठ सेन्सर प्रत्येकी १५ प्रमाणे १२०. एकूण २७०, म्हणजे ०.२७ अँपिअर. सातला ०.२७ ने भागले की साधारण २६ तास येतात. हे नव्या बॅटरीचे आणि कागदावरचे. दोन उन्हाळे काढलेली बॅटरी याच्या निम्मीही साथ देईलच असे नाही. शनिवारी रात्री वादळात फीडर गेला आणि दुकान सोमवारी सकाळी उघडणार, तर मधले छत्तीस तास आहेत. चोर कधी कधी वादळाची वाट पाहत नाही, जिन्याखालच्या मीटरपेटीतला कटआउट काढतो.

म्हणून मोठी बॅटरी बसेल अशी पेटी घ्या आणि वीज गेल्याचा आणि बॅटरी उतरल्याचा संदेश फोनवर आलाच पाहिजे, ही अट घाला. बॅटरीच्या अंगावर बसवल्याची तारीख पेनने लिहा आणि दोन-तीन वर्षांनी ती फुगायची वाट न पाहता बदला. हजार-बाराशे रुपयांचा हा खर्च चोर आणि लाखाचा माल यांच्या मध्ये उभा असतो.

पाचवी पायरी: खबर कोणाला, कोणत्या वाटेने

स्वस्त पॅनलमधले सिमचे यंत्र अनेकदा फक्त टूजीवर चालते. जिओचे टूजी जाळेच नाही, त्यामुळे ते सिम अशा यंत्रात चालत नाही. नवीन घेताना फोरजी यंत्रच घ्या. प्रीपेड सिमची मुदत संपून अलार्म मुका झालेला मी इतक्यांदा पाहिला आहे, की आता बसवतानाच रिचार्जची तारीख मालकाच्या आणि मुनीमजींच्या अशा दोन्ही फोनमध्ये टाकून घेतो. सिग्नल बंद पाडणारे जॅमर चोरांच्या हाती लागू शकतात. म्हणून सराफ, मोबाइलवाले आणि पतसंस्था यांनी सिम आणि ब्रॉडबँड अशा दोन वाटा ठेवाव्यात, राउटरलाही बॅटरीचा आधार द्यावा आणि संपर्क तुटला तर तेच अलार्म समजून फोन येईल अशी सेवा घ्यावी.

फोनच्या यादीत पहिला क्रमांक दुकानाच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या माणसाचा ठेवा, मालकाचा अहंकार मध्ये आणू नका. दुसरा मालक, तिसरा बाजारपेठेचा गुरखा. रात्री फोन सायलेंट ठेवणाऱ्याचे नाव यादीत नको. खबर आली की कॅमेरा उघडून पाहा, ११२ वर फोन करा आणि समोरच्या बाजूला, उजेडात उभे राहा. एकट्याने आत शिरू नका. चोर आत असेल तर त्याच्या हातात पहार असते आणि तुमच्या हातात मोबाइल.

कॅमेऱ्यांबद्दल एवढेच. कॅमेरा काय झाले ते दाखवतो, अलार्म होत असताना सांगतो. दोन्ही घ्या, पण डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी) गल्ल्याखाली ठेवू नका. चोर जाताना तोच आधी उचलतो.

सहावी पायरी: विमा आणि कोटेशन

बर्गलरी पॉलिसीत, म्हणजे घरफोडीच्या विम्यात, साधारणपणे जबरदस्तीने घुसल्याच्या खुणा दाखवाव्या लागतात. स्वतःच्या नोकराने केलेली चोरी त्यात बहुधा येत नाही, त्यासाठी वेगळा विमा असतो. प्रस्तावात ‘अलार्म आहे’ असे लिहिले असेल तर तो चालू होता हे दाखवायची वेळ येऊ शकते. पॅनलमधली नोंद इथे कामाला येते: कधी लावला, कोणाच्या कोडने बंद झाला. म्हणून प्रत्येक माणसाला वेगळा कोड द्या आणि नोकर सोडून गेला त्याच संध्याकाळी त्याचा कोड काढा. अलार्म घेण्याआधी पॉलिसीची प्रत विमा प्रतिनिधीसमोर ठेवून अटी वाचून घ्या.

कोटेशन तीन घ्या, पण जागा न पाहता फोनवर भाव सांगणाऱ्याचे घेऊ नका. त्यात प्रत्येक सेन्सरचा प्रकार आणि जागा, बॅटरीची क्षमता, केबलचा प्रकार, बिघाडाला किती तासांत माणूस येणार आणि वार्षिक देखभालीचा दर हे सगळे लिहून हवे. आणखी एक अट स्वतःच्या हाताने लिहा: काम पूर्ण झाल्यावर बसवणाऱ्याचा मास्टर कोड मालकाला मिळेल. एका पुरवठादाराने तो कोड न दिल्याने माझ्या एका गिऱ्हाइकाला चांगले चालणारे पॅनल बदलावे लागले, कारण एक सेन्सर वाढवायचा तरी त्याच माणसाची वाट पाहावी लागे आणि तो येत नसे.

सातवी पायरी: चाचणीची रात्र

दुकान बंद झाल्यावर दोन तास राखून ठेवा, आणि बसवणारा, तुम्ही आणि दुकानातला एक भरवशाचा माणूस असे तिघे थांबा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. अलार्म लावा आणि शटर चार बोटे उचला. रांगत आत शिरा, भिंतीला पाठ घासत चाला, पोटमाळ्यावरून उतरा, मागच्या झरोक्यातून हात घाला. दर वेळी फोन किती सेकंदांनी वाजला ते वहीत लिहा. मग मेन स्विच पाडा आणि हे सगळे बॅटरीवर पुन्हा करा. मग सिम काढा. मग कीपॅडची वायर सोडवा.

यातले जे वाजले नाही त्यापुढे फुली मारा, ते दुरुस्त होऊ द्या आणि तेवढीच चाचणी पुन्हा घ्या. पुढे ही चाचणी महिन्यातून एकदा हवी. अमावस्येला दुकानापुढे नारळ फोडत असाल तर तोच दिवस धरा, तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. बसवणाऱ्याचे किमान पाव पैसे मात्र पहिली अमावस्या होईपर्यंत हातात राखा आणि त्या दिवशी वहीतल्या सगळ्या फुल्या निघालेल्या दिसल्या, की मगच चुकते करा.